गोल्फचे चेंडू आणि पट्ट्यातला कुत्रा

प्रश्न: सार्वजनिक बागेत गोल्फ चालू असताना कुत्रा कुठून फिरवावा?

उत्तर १: शक्यतो फटका मारणाऱ्याच्या मागून. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवख्याचा चेंडू बहुतेकदा उजवीकडे भरकटतो, ती कड टाळा. चेंडू जेमतेम 46 ग्रॅमचा, पण कवटीवर बसला तर खेळ खलास. ‘फोर!’ (चेंडू येतोय, सांभाळा, असा खेळाडूंचा इशारा) ऐकू आलं की वर बघत बसू नका. डोकं हातांनी झाकून खाली वाका.

उत्तर २: पट्टा दीड-दोन मीटरचा, न लांबणारा. गुंडाळीवाला नकोच, कुत्रा चेंडूमागे झेपावला की दोरी हात कापते. चेंडू तोंडात धरला तर ओढाओढ न करता खाऊ दाखवून सोडवा. गिळलाच तर आतड्यात अडकू शकतो, लगेच पशुवैद्य गाठा.

उत्तर ३: सगळं कुत्रेवाल्यांनीच करायचं का? टप्प्यात कोणी असेल तर खेळाडूने थांबायचं. पुढचं दिसत नसेल, तर आधी एकाने जाऊन बघायचं.