युरोपच्या कार्बन करासाठी बोल्टचा आकडा आणायचा कुठून?

भोसरीची वर्कशॉपवाली

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचा नट-बोल्टचा छोटा कारखाना आहे. बाबांनी 1994 साली दोन मशीनवर सुरू केला, आता चार हेडिंग, दोन थ्रेड रोलिंग आणि बावीस माणसं. हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेतो. वर्षाला साधारण 36 टन माल जर्मनीतल्या एका ग्राहकाला जातो. अकरा वर्षांत एकही लॉट परत आलेला नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा मेल आला: टनामागे किती कार्बन डायऑक्साइड, तो आकडा द्या आणि पडताळून द्या, नाहीतर ठरीव आकडा धरू आणि फरक तुमच्या दरातून वळता करू. सीबॅमबद्दल, म्हणजे युरोपच्या या सीमेवरच्या कार्बन कराबद्दल, वाचत बसले. ऑक्टोबर 2023 पासून फक्त अहवाल द्यायचे होते, 1 जानेवारी 2026 पासून खरोखर पैसे लागू झाले. आमचा माल कस्टमच्या 7318 या कोडमध्ये, म्हणजे यादीत आहेच.

वायर रॉड, म्हणजे बोल्टसाठीची पोलादाची जाड तार, मी डीलरकडून घेते. एमटीसीवर (पोलाद बनवणाऱ्या मिलच्या चाचणी प्रमाणपत्रावर) कार्बन 0.35 टक्के असं लिहिलेलं असतं, पण तो पोलादातला कार्बन. धुराड्यातून किती गेला, ते कुठेच नाही. डीलरला विचारलं तर म्हणाला, मॅडम, असलं कोणी मागत नाही.

छतावर कर्ज काढून सोलर बसवलंय, त्याचा इथे उपयोग होईल का? आणि 50 टनांखाली सूट आहे म्हणतात, मग 36 टनवाली मी कशी अडकले?

श्टुटगार्टकर

ताई, मी इथे आयात करणाऱ्या कंपनीतच हे काम बघतो. 50 टनांची मर्यादा पुरवठादाराची नाही, आयातदाराची आहे. त्याने वर्षभरात सगळीकडून आणलेलं लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत मिळून 50 टन. तुमचे 36, तुर्कस्तानचे 30, झाला पार.

सोलरचं सांगताना वाईट वाटतं. लोखंड-पोलादाच्या मालात विजेचं उत्सर्जन सध्या धरत नाहीत, सिमेंट आणि खतात धरतात. तुमच्या बोल्टचा जवळजवळ सगळा भार वायर रॉडमधून येतो. वीजबिल वाचतंय तेवढा फायदा घ्या, मेलमध्ये मात्र त्यावर भर देऊ नका.

घाई का, तेही सांगतो. 2026 च्या मालाची प्रमाणपत्रं (उत्सर्जनाच्या टनामागे आयातदाराने घ्यायची) फेब्रुवारी 2027 पासून विकत मिळणार, हिशोब 30 सप्टेंबर 2027 पर्यंत द्यायचा. पण ग्राहक दर आत्ता ठरवतोय. खरा आकडा नसेल तर देशानुसार ठरवलेला आकडा लागतो, वर 2026 साठी 10 टक्के, 2027 ला 20 आणि पुढे 30 टक्के वाढ. तुमचं पोलाद कितीही स्वच्छ असो, कागद नसेल तर ते सरसकट भारताचं पोलाद.

जालन्याचा भट्टीवाला

आमचा माल सळई, तुमच्या कामाचा नाही, पण भट्टीतलं सांगतो. इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, भंगार किती आणि स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता केलेलं लोखंड) किती, यावर सगळा खेळ. कोळशावर केलेलं स्पंज आयर्न वाढलं की आकडा चढतो, भंगार वाढलं की उतरतो. ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे कोक जाळून खनिज वितळवणाऱ्या भट्टीच्या, पोलादाला टनामागे साधारण दोन टनांच्या वर धरा.

म्हणून डीलरला सोडा, एमटीसीवरचा हीट नंबर (भट्टीतल्या त्या घाण्याचा क्रमांक) घेऊन थेट मिलला लिहा. मोठ्या मिल 2023 पासून हे अहवाल करतायत. आपल्या पोलाद मंत्रालयानेही डिसेंबर 2024 मध्ये ग्रीन स्टीलची व्याख्या केली, टनामागे 2.2 टनांच्या आत. मिल त्यात बसते का तेही विचारा. फक्त ते ग्रीन स्टीलचं प्रमाणपत्र युरोपात आपोआप चालेल असं समजू नका.

निवृत्त मास्तर, सांगली

हे सगळं समजलं, पण मूळ अन्यायावर कोणी बोलत नाही. भारतात माणशी उत्सर्जन वर्षाला साधारण 2 टन, युरोपात त्याच्या अडीच-तीन पट. दीडशे वर्षं कोळसा त्यांनी जाळला. 1992 च्या हवामान करारात सगळ्यांची जबाबदारी समान पण वेगवेगळ्या प्रमाणात, असं कबूल केलं होतं. आणि आता भुर्दंड भोसरीच्या पोरीला?

श्टुटगार्टकर

मास्तर, तुमचा राग रास्त आहे. वसूल झालेला पैसा गरीब देशांच्या भट्ट्या बदलायला द्यायचं बंधन कायद्यात नाही, हे मलाही खटकतं. पण इथल्या पोलाद कारखान्यांनाही कार्बनचे पैसे भरावे लागतात. आजवर मिळणारे उत्सर्जनाचे फुकट परवाने 2026 पासून कमी होत 2034 ला संपतील. सीमेवर काहीच नसतं तर भट्ट्या नुसत्या देश बदलतील, धूर तेवढाच राहील. भारतात कार्बनची किंमत खरोखर भरली असेल तर ती इथे वजा होते. आपल्याकडे कार्बनला किंमत लावणारी कार्बन क्रेडिटची योजना 2023 ला अधिसूचित झाली आहे. ती नीट चालली तर तो पैसा देशातच राहील.

भोसरीची वर्कशॉपवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हिशोब मांडला. कार्बनच्या टनाला 75 युरो धरले आणि बोल्टच्या टनामागे एक टन कार्बनचे पैसे भरावे लागले, तर बोल्टवर किलोमागे सात-आठ रुपये. आमचा नफा त्याहून कमी आहे.

मास्तर, तुमचं म्हणणं मला पटतं. 2 टनांचा तो आकडा माझ्या कामगारांच्या घरी तर त्याहूनही कमी असेल. पण कर नको असं ग्राहकाला लिहून चालणार नाही. मला एवढंच हवंय की जो काही आकडा लागेल, तो माझ्या मालाचा असावा.

गेल्या वर्षीचे सगळे एमटीसी काढून हीट नंबर लावले. माल तीन मिलचा निघाला, पैकी एक भंगारावर चालणारी. तिघांना पत्रं गेली. एकीचं उत्तर आलंय: आकडा देतो, पण डीलरमार्फत नको, थेट खरेदी करा, किमान 20 टन एका वेळी. एवढा एका साइजचा वायर रॉड ठेवायला ना जागा आहे ना भांडवल.

भोसरी-चाकणमध्ये अजून कोणी 10 किंवा 12 मिमीचा घेत असेल आणि युरोपला माल पाठवत असेल, तर एकत्र ऑर्डर टाकूया का? मेसेज करा.