जिओथर्मल हीट पंप: ३ टन की ५ टन?

उंबरठा:
घर २२०० चौरस फुटांचं, दोन मजली. हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा, दोन्हींसाठी जमिनीत लूप (बोअरमध्ये सोडलेल्या पाण्याच्या पाइपांचा फेरा) टाकून हीट पंप बसवायचं ठरलंय. एक कंत्राटदार ५ टन म्हणतो (टन म्हणजे एसीसारखंच क्षमतेचं माप, सुमारे साडेतीन किलोवॅट), दुसरा ३. दोघांनीही फक्त क्षेत्रफळ विचारलं आणि उभ्याउभ्या आकडा सांगितला. थोडा मोठाच घेतलेला बरा ना?

बोअरवाला:
‘मोठा घेतलेला बरा’ हे पाण्याच्या टाकीला लागू, हीट पंपाला नाही. गरजेपेक्षा मोठा पंप काही मिनिटांत खोली गार करून बंद होतो, परत चालू, परत बंद. कॉम्प्रेसर झिजतो आणि हवेतला दमटपणा काढायला लागणारा सलग वेळ मिळत नाही. खोली गार, पण चिकचिकीत! वर प्रत्येक जादा टनामागे जमिनीत जादा पाइप, आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच असतो.

क्षेत्रफळावरून टन काढणं हा ठोकताळा. इन्सुलेशन, पश्चिमेच्या काचा, फटींतून शिरणारी हवा, यांनी सारख्याच आकाराच्या दोन घरांचे आकडे पार वेगळे येतात. खोलीवार हीट लोड, म्हणजे प्रत्येक खोलीत किती उष्णता द्यावी किंवा काढावी लागेल याचा हिशेब, काढून मागा; मॅन्युअल जे (अमेरिकेतली प्रमाणित हिशेबपद्धत) किंवा तशाच पद्धतीने. फटी बुजवायच्या असतील तर आधी बुजवा, मग मोजा.

उंबरठा:
समजा १० किलोवॅट आला, म्हणजे ३ टनांच्या जरा आत. टनामागे २०० फूट बोअर धरलं की झालं?

बोअरवाला:
नाही, खरी गोम पुढेच आहे. पंपाचा सीओपी ४ धरा, म्हणजे एक युनिट विजेमागे चार युनिट ऊब किंवा गारवा. हिवाळ्यात घराला १० किलोवॅट द्यायचे तर २.५ वीज देते, ७.५ जमिनीतून येतात. उन्हाळ्यात घरातले १० काढायचे तर कॉम्प्रेसरचे २.५ धरून १२.५ जमिनीत सोडावे लागतात. पंप तोच, जमिनीवरचा भार वेगळा. उन्हाळा लांब असेल तर हिवाळ्यात जमीन तेवढी निवत नाही, दरवर्षी थोडी तापत जाते आणि पंपाची कार्यक्षमता घसरते. म्हणून लूपचा हिशेब वर्षभराच्या भारावर करायचा.

२०० फूट हाही ठोकताळाच. ओल्या वाळूतून किंवा ग्रॅनाइटमधून उष्णता चांगली वाहते, कोरड्या वाळूतून फार कमी. दोन बोअरमध्ये निदान १५ ते २० फूट अंतर ठेवा, नाहीतर एकमेकांची उष्णता ओढतात.

थंडगार:
सगळं पटलं, एक भर. थंडी कडक असेल आणि हीटिंगचाच भार मोठा असेल, तर वर्षातल्या सर्वांत गार काही तासांसाठी पंप वाढवू नका. तेवढ्यापुरता विजेचा हीटर जोडा, किंवा दोन टप्प्यांचा कॉम्प्रेसर घ्या. तो बहुतेक वेळ खालच्या टप्प्यावर सलग चालतो.

उंबरठा:
दोघांनाही हीट लोडचा कागद मागितलाय. ५ टनवाल्यांनी अजून फोन उचललेला नाही.