डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला मेकॅनिकल घ्यावे की मॅन्युफॅक्चरिंग?

चाकणचा शिकाऊ

नमस्कार. गेल्या वर्षी मी मेकॅनिकलचा डिप्लोमा ८२ टक्के गुणांनी पूर्ण केला. तेव्हापासून चाकणजवळच्या एका मशीन शॉपमध्ये अप्रेंटिस आहे. सीएनसी लेथवर जॉब लावणे, ऑफसेट (मशीनला मापाची दुरुस्ती) देणे, पहिला पीस क्यूसीकडे (गुणवत्ता तपासणीकडे) नेणे ही माझी रोजची कामे आहेत. यंदा इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचा अर्ज भरणार आहे. या प्रवेशाला सीईटी नसून डिप्लोम्याचेच गुण धरले जातात, त्यामुळे आता हातात आहे तो फक्त पसंतीक्रम.

वडिलांची नोकरी प्रेस शॉपमध्ये झाली आणि त्यांच्या मते मेकॅनिकल सोडून दुसरे काही घेऊ नये. शॉपमधले सेटर (मशीन लावून देणारे) मात्र म्हणतात की जे काम आवडते त्याच नावाची शाखा मिळत असेल तर मागे का सरावे. या दोन शाखांच्या अभ्यासात नेमका फरक काय पडतो, आणि डिप्लोम्यातून आलेल्याला गणित कितपत अडवते, हे अनुभवी मंडळींनी सांगावे ही विनंती.

प्रोसेस प्लॅनर

मी प्रॉडक्शन सँडविच केले आहे. या पद्धतीत अभ्यासक्रमाचा काही काळ कारखान्यात काढावा लागतो. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग महाविद्यालयात ही शाखा पूर्वी याच नावाने होती, आता ती मॅन्युफॅक्चरिंग सायन्स अँड इंजिनिअरिंग या नावाने चालते. तेव्हा पसंतीक्रम भरताना नुसत्या नावावर जाऊ नका, त्या त्या महाविद्यालयाची विषयांची यादी काढून वाचा.

फरक एका भोकावरून सांगतो. ड्रॉइंगवर २५ एच ७ (२५ हा व्यास, एच ७ ही मापाला दिलेली सूट) असे लिहिले असेल तर ते भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरमध्ये बसले पाहिजे. त्यात जी ६ (शाफ्टच्या मापाची सूट) चा शाफ्ट घातला की दोघांमध्ये कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फट राहते. ही फिट का निवडली, शाफ्टवर भार किती येतो, तेलाचा थर टिकेल का, हे प्रश्न मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला अधिक पडतात. आमच्या शाखेत विचारले जाते ते वेगळेच : नुसत्या ड्रिलने हे माप टिकणार नाही, मग बोअर करून रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार) मारायचा की होनिंगला (दगडाने घासून माप आणायला) पाठवायचे, जॉब कोणत्या पृष्ठभागावर टेकवायचा आणि कुठे दाबायचा म्हणजे क्लॅम्प सोडल्यावर भोक अंडाकृती होणार नाही, महिन्याला पन्नास नग असतील तर काय परवडते आणि पाच हजार असतील तर काय. मेकॅनिकलमध्ये हे अजिबात नसते असे नाही, तिथे ते एक-दोन विषयांत उरकते. इथे मेट्रॉलॉजी (मोजमापशास्त्र), जिग-फिक्स्चर (जॉब धरायची साधने), टूल डिझाइन, कास्टिंग, फॉर्मिंग आणि गुणवत्ता नियंत्रण यांना स्वतंत्र जागा मिळते, आणि बदल्यात थर्मल (उष्णता आणि ऊर्जेच्या) विषयांचा भार हलका होतो.

माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही ॲल्युमिनियमचे हाउसिंग करत होतो, त्याचा बोअर (आतले भोक) १०० एच ७, म्हणजे सूट फक्त ३५ मायक्रॉनची. मे महिन्यात शॉपमध्ये बोअर गेजवर माप १००.०१० येई आणि तोच नग वातानुकूलित खोलीतल्या सीएमएमवर (अचूक मापे घेणाऱ्या यंत्रावर) लहान म्हणून परत येई. आठवडाभर ऑपरेटर आणि क्यूसी एकमेकांवर आरोप करत राहिले. कारण असे होते की शॉपचे तापमान ३८ अंश होते आणि मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश असते. गेज शून्यावर आणायची सेटिंग रिंग पोलादी, तीही तापून जवळपास २१ मायक्रॉनने वाढलेली. ॲल्युमिनियम मात्र त्याच्या दुप्पट, म्हणजे ४१ मायक्रॉनच्या आसपास फुगलेले. दोघांतला २० मायक्रॉनचा फरक नग थंड झाल्यावर बाहेर पडत होता. डिप्लोम्यात आम्ही प्रसरणाचे सूत्र पाठ केले होते, पण ते आपल्याच टेबलावर पडलेल्या रिंगला लागू होते हे मला पदवीच्या मेट्रॉलॉजीच्या तासाला कळले.

दोन्ही बाजू पाहिलेला

वरील उत्तर पटते, पण वडिलांचे म्हणणे मोडीत काढू नये. गेट या एम.टेक. प्रवेशाच्या परीक्षेत मेकॅनिकलचा पेपर वेगळा आणि प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियलचा वेगळा असतो. भरतीच्या जाहिरातीत काही ठिकाणी मेकॅनिकलबरोबर प्रॉडक्शनही पात्र धरतात, काही ठिकाणी धरत नाहीत. सरकारी नोकरीचा विचार पक्का असेल तर हव्या त्या पदाच्या मागच्या दोन-तीन जाहिरातींतील पात्रतेचा परिच्छेद शब्दशः वाचा, कारण पदवीवर छापलेले नाव नंतर बदलत नाही. शिवाय पुढे एचव्हीएसी (वातानुकूलन) किंवा वीजनिर्मितीकडे वळावेसे वाटले तर थर्मल विषय कमी झालेले जाणवतात. खासगी कारखान्यात, निदान मशीनिंगच्या धंद्यात, मुलाखत घेणारा तुम्हाला ड्रॉइंग हातात देऊन प्रश्न विचारतो, तिथे शाखेचे नाव मला कधी आड आलेले नाही.

गणिताच्या बाई

थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांना मी बरीच वर्षे शिकवते. अडचण हुशारीची नसते. पहिल्या वर्षाचे गणित त्यांनी आमच्याकडे केलेले नसते आणि तिसऱ्या सत्रात समोर एकदम लाप्लास ट्रान्सफॉर्म येतो. त्यातच प्रवेशफेऱ्या लांबल्या तर मुले वर्गात पोहोचेपर्यंत पहिले प्रकरण उलटून गेलेले असते. म्हणून प्रवेशाची वाट न पाहता आत्ताच आंशिक अपूर्णांक, खंडशः समाकलन आणि साधी अवकल समीकरणे वहीत सोडवून ठेवा.

हे गणित शॉपमध्ये कुठे लागते असे मुले विचारतात. लाप्लास रोज लागणार नाही, हे मी कबूल करते. पण कटिंग स्पीड आणि टूल लाइफ यांचा संबंध सांगणारे टेलरचे समीकरण घातांकाचे आहे. कार्बाइड इन्सर्टसाठी (टूलच्या टोकाला बसवायच्या कापणाऱ्या तुकड्यासाठी) घातांक ०.२५ धरला, तर वेग २० टक्क्यांनी वाढवल्यावर टूल लाइफ २० टक्क्यांनी घटत नाही, ते निम्म्याच्याही किंचित खाली, ४८ टक्क्यांवर येते. सायकल टाइम कमी केल्याचा आनंद मानावा की इन्सर्टचा वाढलेला खर्च मोजावा, हे दोन्ही बाजूंचा लॉगॅरिदम घेतल्याशिवाय ठरत नाही. आणि संख्याशास्त्र मात्र पर्यायाला टाकू नका, कंट्रोल चार्ट (मापांचा चढउतार दाखवणारा आलेख) आणि सीपीके (प्रक्रिया सुटीत किती बसते याचा आकडा) समजायला दुसरा रस्ता नाही.

चाकणचा शिकाऊ

सर्वांचा आभारी आहे. दोन महाविद्यालयांच्या विषययाद्या काढून शेजारी ठेवल्या. पहिल्या तीन पसंती मॅन्युफॅक्चरिंग आणि प्रॉडक्शनला देऊन त्याखाली मेकॅनिकल भरायचे ठरवले आहे. वडिलांना जाहिरातींचे वाचून दाखवले, तेव्हा ते एवढेच म्हणाले की आधी गणिताची वही दाखव. बाई, खंडशः समाकलनापासून सुरुवात केली आहे.

एक गोष्ट प्रोसेस प्लॅनर यांच्यासाठी : आज पहिल्या शिफ्टला मुद्दाम पाहिले, तर आमची सेटिंग रिंग हायड्रॉलिक पॉवर पॅकच्या झाकणावर ठेवलेली असते आणि हाताला चांगली गरम लागते. आमचे जॉब पोलादाचे आहेत, पण ते कूलंटमधून गार होऊन निघतात. म्हणजे आमच्याकडे चूक उलट्या दिशेने पडत असणार. थर्मामीटर मागितला आहे.