नेट चार्ज प्लस असूनही अँटीबॉडीचे दोन थर का होतात?

कांजूर_स्लो: अँटीबॉडीचं सोल्युशन आहे, १०० मिलीग्रॅम पर मिलीच्या वर, १० मिलीमोलर हिस्टिडीन बफर, पीएच ६, मीठ अजिबात नाही. रात्री फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी दुधाळ, दुपारपर्यंत दोन थर, खालचा मधासारखा घट्ट, वरचा पातळ, आणि बाहेर टेबलावर ठेवलं की आपल्या मुंबईच्या उकाड्यात परत नितळ! आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला नेट चार्ज शून्य होतो तो) ८ च्या वर, म्हणजे सगळे रेणू प्लस, मग एकमेकांना ढकलायचं सोडून जवळ का येतायत? डीएलव्हीओ (द्रवातले चार्ज असलेले कण एकमेकांना किती ढकलतात, किती ओढतात ते सांगणारी थिअरी) शिकलेय पण त्यात हे बसत नाहीये, प्लीज कोणीतरी समजवा.

दादर_टीटी: ताई, साधी डीएलव्हीओ गोळ्यावर चार्ज सगळीकडे सारखा धरते. तुझा रेणू वाय आकाराचा, नेट प्लस असला तरी कुठे प्लसचा पट्टा, कुठे मायनसचा. लांबून बघितलं तर नेट प्लसच दिसतो, पण जवळ आले की रेणू फिरतात आणि एकाचा मायनस दुसऱ्याच्या प्लससमोर येईल अशी जुळणी जास्त टिकते. थंडीत हालचाल कमी म्हणून ती जुळणी मोडत नाही आणि थर वेगळे होतात. म्हणून नुसता नेट चार्ज बघून काही ठरत नाही, तो पसरलाय कसा ते बघ. वासराच्या डोळ्याचं भिंगही गार केलं की पांढरं होतं, गरम केलं की साफ, तिथेही प्रोटीनचे थरच वेगळे होतात, गॅमा क्रिस्टलिन नावाच्या भिंगातल्या प्रोटीनमुळे.

गोरेगावकर: बरोबर, पण खात्री करायची तर मीठ घालून बघ. १० मिलीमोलरला चार्जचा प्रभाव साधारण ३ नॅनोमीटर पोचतो, १५० ला जेमतेम ०.८. मिठाने साफ झालं तर खेचणारे पट्टेच होते. लायसोझाइम या छोट्या प्रोटीनचं उलटं असतं, न्यूट्रल पीएचला साधारण ८ प्लस, तिथे मीठ ढकलणंच झाकून टाकतं, मग जवळची ओढ उरते आणि गार केलं की ढगाळ. मीठ एकच पण परिणाम विरुद्ध, मला तरी यातलं हेच सगळ्यात आवडतं. फक्त खूप मीठ नको गं, मोलरच्या वर गेलीस तर प्रोटीन वेगळ्याच कारणाने बाहेर पडेल आणि तुझा गोंधळ होईल.

कांजूर_स्लो: दादा, १५० मिलीमोलर घातलं, रात्रभर फ्रिजमध्ये नितळ राहिलं!! ५० ला अजून थोडं धुरकट आहे. आता पीएच ५ करून बघते, अँटीबॉडीतल्या हिस्टिडीनवर (अमिनो आम्ल) प्लस वाढेल, पट्टे बदलतील.