जॉइनिंग जवळ आलंय, पंपात दूध जेमतेम येतं आणि ऑफिसात बसायला जागा नाही

डोंबिवलीकरीण
नमस्कार मैत्रिणींनो, लेक आत्ता पाच महिन्यांची आहे. बीपीमुळे डिलिव्हरीच्या बरीच आधी सुट्टी घ्यावी लागली होती, त्यामुळे २६ आठवडे लवकर संपतायत आणि पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय. ऑफिस लोअर परळला, म्हणजे जाणं-येणं धरून घराबाहेर अकरा तास. आतापर्यंत पूर्ण अंगावरच पाजलंय. आता पंप आणलाय, पण अर्धा तास बसून जेमतेम ४० मिली निघतं, आणि तिकडे इन्स्टावर बायकांचे फ्रीझर दुधाच्या पिशव्यांनी भरलेले बघितले की रडूच येतं. दूध कमी झालंय का माझं? सासूबाई सांभाळणार आहेत, त्यांचं म्हणणं एवढा आटापिटा कशाला, गाईचं दूध पाणी घालून सुरू कर, आमची सगळी पोरं त्यावरच वाढली. त्या प्रेमाने करतायत सगळं, पण मला अजून काही महिने तरी अंगावरचंच द्यायचंय. ऑफिस छोटं आहे, तीस-पस्तीस जण असू. पाळणाघर वगैरे काही नाही. एचआरला फोन केला तर म्हणाली मीटिंग रूम वापर, ती काचेची आहे!! नाहीतर वॉशरूम आहेच म्हणे. कोणी केलंय का असं, कसं निभावलंत सांगा प्लीज.

मनीमाऊ
अगं आधी रडणं थांबव. पंपात किती येतं त्यावरून अंगात किती आहे ते कळत नाही, बाळ जेवढं ओढून घेतं तेवढं कुठलंही मशीन काढत नाही. शिवाय तू दिवसभर तिला पाजतेयस आणि वर मध्येच पंप लावतेयस, म्हणजे ते ४० मिली तिचं पोट भरून उरलेलं आहे, वाईट कुठेय त्यात? सकाळी पहिलं पाजून झालं की तासाभराने लावून बघ, तेव्हा बहुतेकींना जास्त येतं.

दुसरं म्हणजे फनेलचा, म्हणजे पंपाचा छातीवर बसतो त्या भागाचा, साइज बघ. बॉक्समध्ये बहुतेक २४ मिमीचं येतं आणि ते सगळ्यांना बसतंच असं नाही, मला लहान लागलं, बदलल्यावर दुखायचं थांबलं आणि दूधही वाढलं. पंपाचं ओढणं फुल्लवर ठेवू नकोस, दुखलं की पान्हा फुटतच नाही. सुरुवातीला हलकं आणि भरभर, दूध सुटलं की सावकाश. मी मोबाइलवर पोराचा रडतानाचा व्हिडिओ लावायचे, हसायला येतं आता, पण लगेच धार लागायची.

आणि ते फ्रीझरचं खूळ डोक्यातून काढ. तुला साठा लागतो फक्त पहिल्या दिवसापुरता आणि थोडासा अडीअडचणीला, बाकी सोमवारी ऑफिसात काढलेलं मंगळवारी बाळाला. हिशोब असा धर की तू नसताना तासाला साधारण ३०-४५ मिली, म्हणजे अकरा तासांना साडेतीनशे ते पाचशेच्या आत-बाहेर. सहा महिन्यांनंतर नाचणीसत्त्व, वरणभात सुरू झाला की ते हळूहळू कमी होतं.

सिस्टर_मावशी
लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी केली इतकी वर्षं म्हणून लिहिते. वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य दूध म्हणून देऊ नये, पाणी घालून तर नाहीच, त्यात लोह कमी असतं आणि बाळाच्या किडन्यांना ते झेपत नाही. सासूबाईंशी वाद घालू नकोस, पुढच्या लसीला डॉक्टरांकडे त्यांनाच घेऊन जा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकव. कमी पडलंच तर फॉर्म्युला, तोही डॉक्टरांना विचारून.

दूध ठेवायचं कसं ते लिहून घे. बाहेर ४ तास म्हणतात पण ते २५ डिग्रीपर्यंतचं गणित आहे, आपल्या मे महिन्यात नाही, तेव्हा काढलं की लगेच थंडात. फ्रीजमध्ये ४ दिवस, दाराच्या कप्प्यात नाही, मागे आत. फ्रीझरमध्ये सहा महिने चांगलं राहतं. बर्फाचे पॅक घातलेल्या इन्सुलेटेड बॅगेत २४ तास, म्हणजे लोकल लेट झाली तरी घाबरायचं कारण नाही. गोठवलेलं वितळलं की फ्रीजमध्ये एक दिवस, परत गोठवायचं नाही. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून कोमट करायचं, गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही. बाळाने पिऊन उरलेलं दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं, जीव तुटतो पण ओतायचं. वरती साय आल्यासारखा थर दिसेल तो नासल्याचा नाही, हलक्या हाताने हलवलं की मिसळतो.

बाटली घेत नसेल तर बोंडलं (दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं) किंवा वाटी-चमचा, आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय आणि धुवायलाही सोपं. फक्त पहिले काही दिवस तू समोर असू नकोस, तुझा वास आला की ती दुसरं काही तोंडात घेणार नाही.

अळीवाचे लाडू, मेथी, शतावरी आवडत असेल तर खुशाल खा, बाळंतिणीला ताकद हवीच असते, पण दूध वाढतं ते काढल्याने. छाती रिकामी होत राहिली की शरीराला कळतं अजून बनवायचंय.

एचआरवाला
पुरुष आहे पण दहा वर्षं एचआरमध्ये आहे, बायकोचंही हे सगळं बघितलंय, म्हणून घुसतोय.

पाळणाघराची सक्ती ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्यांना आहे, प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने आली ती, त्यामुळे तुमच्या ऑफिसला ती लागू नाही. पण मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसाला दोन नर्सिंग ब्रेक, आणि ते जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त, हे त्या मूळ १९६१च्या कायद्यातच होतं आणि आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ठेवलंय. त्याला पन्नासची अट नाही, दहा माणसांचं ऑफिस असलं तरी लागू. आता खरं सांगायचं तर कायद्यात शब्द 'बाळाला पाजण्यासाठी' असा आहे, पंपिंगचं नाव नाही, त्यामुळे एखादा खडूस मॅनेजर फाटे फोडेल. पण बाळ डोंबिवलीत आणि आई परळला असेल तर ब्रेकचा दुसरा उपयोग काय, हे ईमेलमध्ये लिहिलं की बहुतेक ठिकाणी पुढे कोणी बोलत नाही.

फोनवर विचारू नका. मेल टाका, आणि तक्रारीच्या सुरात नको, थेट मागणी लिहा: आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची, एक प्लग पॉइंट, अकरा आणि साडेतीनला अर्धा-अर्धा तास, पँट्रीच्या फ्रीजमध्ये एक कप्पा. एवढं छोटं मागितलं की नाही म्हणायला लाज वाटते. वॉशरूमला स्पष्ट नकार द्या, तिथे कोणी डबा खातो का? सुरुवातीला आठवड्यातून एक-दोन दिवस वर्क फ्रॉम होमही मागून बघा, सुट्टीनंतर त्यासाठी आपसांत ठरवायची सोय कायद्यात आहे.

श्रावणसरी
आमच्याकडे शेवटी रेकॉर्ड रूम मिळाली. जुन्या फायली, वर यूपीएसची घरघर, त्यात पंपाचा आवाज कोणाला ऐकूच जायचा नाही. दारावर 'ऑडिट चालू आहे' असा कागद लावायचे, कोणाची टाप नव्हती आत यायची 😄

संध्याकाळी व्हीटीहून लोकल धरायचे म्हणून बसायला मिळायचं, लेडीज डब्यात खिडकीशी बसून ओढणीखाली हँडपंप चालवलाय मी. समोरच्या बायका गवार निवडत असतात गं, कोणाला पडलंय. तू परळहून चढणार म्हणजे उभं राहायलाच मारामारी, तेव्हा ऑफिसातून निघतानाच काढून घे नाहीतर घाटकोपरपर्यंत छाती दगड होते आणि कुर्ता ओला. ब्रेस्ट पॅड आणि एक जादाचा टॉप बॅगेत असू दे, गडद प्रिंटचा.

बाहेरगावी कामाला जायची वेळ आली तर बऱ्याच एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजायची खोली, असतो. कुठे चांगला असतो, कुठे कुलूप लावून किल्ली कंट्रोलर साहेबांकडे, पण मागायची.

पंपाचे पार्ट प्रत्येक वेळी धुवायचा कंटाळा येतो, मी डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायचे आणि दुपारी तेच वापरायचे.

सिस्टर_मावशी
@श्रावणसरी ते तुझं निभावलं, पण मी कोणाला सुचवणार नाही, अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी बाळ असेल तर अजिबातच नाही. त्यापेक्षा दोन सेट घ्यावेत, घरी येऊन दोन्ही धुवून उकळावेत. आणि डोंबिवलीकरीण, गाठ झाली, लाल झालं, ताप आला तर जोरजोरात चोळत बसू नकोस, तेल लावून मालिश तर नकोच. थंड शेक दे, नेहमीसारखं पाजत राहा आणि दिवसभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जा.

कॉफी_बाई
वेगळं मत मांडते, राग मानू नका. मी आठव्या महिन्यात दिवसा फॉर्म्युला सुरू केला, सकाळ-संध्याकाळ आणि रात्री अंगावर, आणि दीड वर्षापर्यंत तसंच चाललं. ऑफिसात ते मशीन लावून बसणं मला सहनच व्हायचं नाही. पूर्ण नाही जमलं म्हणून सगळं सोडायचं असं काही नसतं. आणि एक सांगते, तू कामाला जायला लागलीस की ती रात्री जास्त प्यायला उठेल, दिवसभराची कसर काढते ती. दूध कमी झालं म्हणून नाही. नवऱ्याला बाकी सगळी कामं दे.

डोंबिवलीकरीण
बाप रे, इतकं सगळं! फनेल मोजलं, मला २१ लागतंय, आजच मागवलं. मेल पण टाकला, एचआरवाला यांचं वाक्य जवळजवळ तसंच उचललंय, धन्यवाद दादा. उत्तर आलं, स्टोअर रूमला कडी लावून देतायत, फक्त तिथे एसी नाही. बोंडलं सासूबाईंकडे होतं, चांदीचं, नवऱ्याचंच, त्यांनी आनंदाने काढून दिलं. चांदीचं उकळलं तर चालतं का? आणि इन्सुलेटेड बॅगेत बर्फाचे पॅक संध्याकाळपर्यंत टिकतील का, की ऑफिसच्या फ्रीझरमध्ये परत टाकायचे?

मनीमाऊ
चांदीचं खुशाल उकळ, काळं पडेल थोडं, चिंचेने घासून मग चांगलं धुऊन परत उकळ. ते टोक असतं ना चोचीसारखं, त्यात दूध सुकून बसतं, तिथे बारीक ब्रश फिरवायला सासूबाईंना सांग. पॅक पोचल्या पोचल्या ऑफिसच्या फ्रीझरमध्ये टाक आणि निघताना आठवणीने घे, मोबाइलला साडेपाचचा अलार्म लाव. दूध फ्रीजमध्येच विसरून ट्रेनमध्ये चढलेल्या बायका मी बघितल्यात.