आजीचं वाकडं नख
आजी म्हटलं की पहिलं काय आठवतं, असं विचारलंत म्हणून सांगते. माझ्या आजीच्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं होतं. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडायला जायची, तेव्हा हातोडी बसलेली. माझी आई त्या वेळी चार वर्षांची. कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, आजी स्वतः न खाता पदराला बांधून तिच्यासाठी घरी आणायची. मिलोच्या, म्हणजे तेव्हा परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरीला मात्र शेवटपर्यंत शिव्या! पुढे घरात बरे दिवस आले, तरी काठवटीतलं पीठ ती बोटाने निपटून घ्यायची. आम्ही पोरं हसायचो (मी सगळ्यांत जास्त, कबूल आहे). परवा आई अगदी तश्शीच काठवट निपटताना दिसली. अंगठा तेवढा सरळ.