कापसाने उडीद आणि दादर (रब्बी ज्वारी) दोन्ही नेले. कळण्याची (दादर-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी घरच्या धान्याची परत होईल का?

गिरणाकाठ
चाळीसगाव-भडगावकडच्या काळ्या जमिनीत उडीद निघाला की त्याच वावरात दादर पडायची. आता जूनपासून जानेवारीपर्यंत कापूसच उभा असतो. कळणा घरी करायचा तर दादर आणि उडीद दोन्ही दुकानातून आणावे लागतात. जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कापसाचा भाव अमेरिकेत ठरतो म्हणतात, तो आपल्या जिनपर्यंत (कापसातून बी वेगळं काढणाऱ्या कारखान्यापर्यंत) येतो कसा, हे कुणी आकड्यांत मांडेल का? आणि पाच एकरांतला एक एकर उडीद-दादरला दिला तर हिशेब बसतो का? बसत नसेल तर नेमका कुठे बिघडतो?

खांडी_३५६
पहिल्या प्रश्नाचं सांगतो. रुईचा, म्हणजे बी काढलेल्या कापसाचा, व्यवहार खांडीत होतो. एक खांडी 356 किलोची, म्हणजे सुमारे 785 पौंड. न्यूयॉर्कचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव, सेंट प्रति पौंड असा बोलतात. समजा वायदा 80 सेंट आणि डॉलर 83 रुपये. खांडी पडली साधारण 52,100 रुपये, रुई किलोला 146 रुपये.

आता एक क्विंटल कापूस घ्या. त्यातून 34 किलोच्या आसपास रुई, 64 किलो सरकी (कापसाचं बी), बाकी घट. रुईचे झाले 4,975. सरकी 32 रुपये किलो धरली तर 2,050. बेरीज 7,025. त्यातून जिनिंग-प्रेसिंग, हमाली, वाहतूक, व्याज आणि व्यापाऱ्याचं मार्जिन वजा झालं की जे उरतं ते वावरातल्या भावाच्या जवळपास येतं. आकडे नमुन्याचे आहेत, आजचा वायदा आणि आजचा डॉलर घालून स्वतः करून बघा. याच हिशेबात वायदा एक सेंट खाली आला की क्विंटलमागे 62 रुपये जातात. दहा सेंट पडायला फार दिवस लागत नाहीत.

भावाचा जवळजवळ 30 टक्के भाग सरकीचा आहे, हे फार जण विसरतात. सरकीचं तेल पामतेलाशी टक्कर घेतं, म्हणून मलेशिया-इंडोनेशियात पामतेल स्वस्त झालं की सरकी नरमते. एका क्विंटलमध्ये दोन परदेशी बाजार बसलेले असतात.

त्यात भर सरकारी धोरणाची. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अनुदान देते. त्याविरुद्ध ब्राझील 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला, जिंकला, आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलरवर तडजोड झाली. ब्राझीलला पैसे मिळाले, पडलेल्या भावाची भरपाई आपल्याला कुणी दिली नाही. इकडे कापसावर 2021 पासून 11 टक्के आयात शुल्क होतं, ते ऑगस्ट 2025 मध्ये काढलं आणि सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. आपला कापूस बाजारात यायचे महिने नेमके तेच.

आपल्या हातात फक्त ओलावा आहे. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव देते, पुढे कपात, 12 च्या वर माल घेतच नाही. दव उतरल्यावर वेचा, वेचलेला कापूस दोन दिवस वाळवा.

दादरवाला
गिरणाकाठ भाऊ, दुखणं तुम्ही स्वतःच लिहिलंय. कळण्याची दोन्ही धान्यं एकाच वावरातून एकाच वर्षात निघायची. उडीद 70-75 दिवसांत मोकळा, मागे राहिलेल्या ओलीवर दादर. कापूस आठ महिने उभा राहिला की एका झटक्यात दोन्ही पिकं गेली. त्यांच्याबरोबर कडबा गेला. कापसाची पऱ्हाटी चुलीत जाते, बैलाच्या दावणीत जात नाही. दारची बैलजोडी गेल्यावर पोळ्याला मातीचे बैल पुजायची वेळ येते, त्याचं मूळ दावणीच्या या हिशेबात आहे.

एका एकराचं सांगतो. उडीद जूनच्या चांगल्या पावसावर, बियाणं 6 किलो, 30 सेंटीमीटरवर. कोरडवाहूत 3-4 क्विंटल धरा. धोका दोन ठिकाणी: पांढऱ्या माशीमुळे येणारा केवडा रोग, आणि काढणीच्या वेळचा पाऊस. शेंगा झाडावर भिजल्या तर दाणा काळपट पडतो, जागेवरच कोंब फुटतात. चारांतले तीन भाग शेंगा काळ्या झाल्या की थांबू नका.

दादर 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. बियाणं 4 किलो, अंतर 45 बाय 15 सेंटीमीटर. काणी रोगासाठी 300 मेश गंधक किलोला 4 ग्रॅम चोळा. घाई केली तर खोडमाशी पोंगा (मधला कोंब) खाते. उशीर केला तर फुलोऱ्यात ओल सरते, खडखड्या रोग येतो, बुडातून धांडे आडवे होतात. पोटरीत (कणीस बाहेर पडायच्या आधी) एक पाणी देता आलं तर हा धोका बराच टळतो. 5-6 क्विंटल दाणे आणि दीड-दोन टन कडबा मिळतो.

पाच माणसांच्या घरात रोज सव्वा किलो पीठ लागतं असं धरा. वर्षाला साडेचार क्विंटल. चाराला एक या मापाने दादर 365 किलो आणि उडीद 90 किलो. म्हणजे एका एकरात घरचा कळणा निघून उडीद विकायलाही उरतो. त्या उडदाच्या भावावर फार विसंबू नका, मे 2021 पासून उडदाची आयात खुली आहे आणि म्यानमारचा माल भाव दाबतो.

हिशेब मांडताना फक्त बाजारात विकलेलं धराल तर दादर प्रत्येक वेळी हरेल. कडबा विकत आणला असता तर काय पडलं असतं, ते जमेला धरा. बियाण्याचंही तसंच. बीटी कापूस (जनुक बदलून अळीविरुद्धचं विष घातलेला) संकरित आहे, घरचं बी चालत नाही, दरवर्षी 475 ग्रॅमचं पाकीट घ्यावं लागतं. 2024 मध्ये ते 864 रुपयांचं होतं, एकराला दोन. दादर सरळ वाणाची. वावराच्या मधल्या भागातली 60-70 भरलेली कणसं कापणीआधी खुडून वेगळी मळा, पुढच्या वर्षाचं बी झालं.

शिवार_धुळे
थोडा वेगळा सूर लावतो. सगळं खापर जागतिक बाजारावर फोडता येणार नाही. रेशनला वर्षानुवर्षं गहू-तांदूळ मिळाला, ज्वारी क्वचित. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात महिन्याला माणशी 5 किलो ठरलं, जानेवारी 2023 पासून ते फुकट आहे. फुकटच्या गव्हापुढे दादर दळणं महाग वाटणारच.

आणि हे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लिव्हरपूलला तिकडचा कापूस पोहोचेना, तेव्हा खान्देशच्या काळ्या जमिनीतला कापूस सोन्याच्या भावाने गेला. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. फरक इतकाच की तेव्हा बी घरचं होतं. मार्च 2002 मध्ये बीटीला परवानगी मिळाली, त्यानंतर तेही गेलं. 2017 ला गुलाबी बोंडअळीने राज्यभर बोंडं पोखरली, त्यातही बियाण्याच्या या रचनेचा वाटा आहे. संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरक्यांत विष असतं, काहींत नसतं. अळी त्यातून निवडत निवडत पचवायला शिकते. वर फरदड (वेचणी झालेला जुनाच कापूस पुढे राखणं) ठेवली की तिला उन्हाळ्यापर्यंत खाद्य.

मला जास्त लागतं ते आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं). आपल्याकडे सालदाराचं (वर्षभराच्या शेतगड्याचं) साल आखाजीला ठरतं. रब्बी घरात आलेली, पेरणी लांब, लेकी माहेरी, झाडाला झोका. शेतीच्या वर्षातली तीच एक मोकळी फट होती. ठिबकवर मे महिन्यातच कापूस लावायला लागल्यापासून त्या दिवसांत नळ्या अंथरणं आणि बी टोकणं सुरू असतं, आणि टोकायला बायाच लागतात. सण तोच, पण झोक्यावर बसायला सवड नाही. उडीद-दादरच्या वावरात मे मध्ये काही काम नसतं. हा फायदा हिशेबाच्या वहीत दिसत नाही, तरी लिहून ठेवावा असा आहे.

गिरणाकाठ
सगळ्यांचे आभार. दोन शंका उरल्या. शिवारात एकट्याचीच दादर असली तर पाखरं सगळी खाणार, त्याचं काय? आणि दुकानच्या पिठाची कळण्याची भाकरी थापताना कडेने फाटते, ती का?

दादरवाला
एकट्याने पेरूच नका. बांधाला बांध लागून तीन-चार जणांनी एकाच आठवड्यात पेरा, म्हणजे दाणा एकदमच चिकात येतो आणि पाखरांचा मार वाटला जातो. राखणीचे वीस-पंचवीस दिवस पाळीने घ्या. झाडांजवळचं वावर टाळा.

चुलीजवळ
भाऊ, पिठाची विरी (चिकटपणा) गेलेली असते. जुनं पीठ, किंवा जुनी ज्वारी. त्यात उडीद सालासकट, तो पाणी उशिरा पितो. चार किलो दादर, एक किलो अख्खा उडीद, दोन चमचे मेथी आणि खडे मीठ दळणातच टाका. गिरणीवाल्याला पाट (दळायचे दगड) फार आवळू नको म्हणावं, पीठ तापलं की विरी तिथेच मरते. घरी आणल्यावर पसरून गार करा, मग डब्यात भरा. दहा-बारा दिवसांचंच दळा.

एका भाकरीचंच पीठ घ्या. कोमट पाणी थोडं थोडं घालत तळहाताच्या टाचेने तीन-चार मिनिटं रगडा. गोळा दाबल्यावर कडेला भेग दिसली तर अजून मळायचं आहे. आधीच सगळं भिजवून ठेवलं तर शेवटच्या भाकरीपर्यंत पीठ सैल होतं. थापताना बोटं कडेकडेने फिरवा, मधे जोर नको. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात लगेच, ते पाणी सुकायच्या आत उलटा. उशीर झाला तर पापुद्रा सुटत नाही. पीठ जुनंच असेल तर पाणी उकळतं घ्या आणि आधी चमच्याने कालवा. तेवढ्याने भाकरी तुटायची थांबेल, पण नव्या दादरची चव त्याला येत नाही.